दरवानसिंग नेगी: हे शौर्य आपलं म्हणायचं की नाही?

रानवाटा:
पहिल्या महायुद्धातल्या आपल्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचं (व्हीसी, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) नाव काढलं की लगेच 'गोऱ्यांचे भाडोत्री' सुरू होतं, मला ते अजिबात पटत नाही. नाईक दरवानसिंग नेगी, ३९वी गढवाल रायफल्स. २३-२४ नोव्हेंबर १९१४ ची रात्र, फ्रान्समधलं फेस्तुबेर, जर्मनांनी घेतलेला खंदक परत मिळवायचा. आता खंदक काय सरळ नसतो, थोड्या थोड्या अंतरावर वळण, पलीकडे कोण दबा धरून बसलंय दिसत नाही, म्हणजे बॉम्ब टाकायचा, लगेच संगीन घेऊन घुसायचं आणि मग पुढचं वळण, परत तेच. हा गडी डोक्याला दोन ठिकाणी आणि हाताला एक जखम घेऊन दर वळणाला पुढच्यांत होता. हा भाडोत्री?

तिरकस:
धाडस नाकारतंय कोण? पण कोणासाठी? साध्या शिपायाला पगार महिना ११ रुपये. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हीसी द्यायचीच सोय नव्हती, आणि इथे दोन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबरला, पंचम जॉर्ज स्वतः फ्रान्सात येऊन छातीवर लावतो. एवढी घाई? भरतीची जाहिरात होती ती! आणि बक्षीस काय, तर १९१९ ला जालियनवाला.

रानवाटा:
जाहिरात साहेबाने केली रे, वळणावर नेगी घुसले. आणि १९१८ ला खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात शिपाई गोळा करत फिरत होते, त्यांना काय म्हणणार?

तिरकस:
तेच म्हणणार, चुकले. त्यात काय.

माणगावकर:
आमच्या माणगावला व्हीसीवाल्या यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. दुसरं महायुद्ध, इटली, १० जुलै १९४४, वय २२. सगळी तुकडी पडली, हे एकटे मशीनगनवर धावून गेले, मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून शेवटच्या दोघांना हाणलं, नंतर गोळ्या लागून तिथेच गेले. भाडोत्री शब्द माणगावात येऊन बोला, चहा पाजतो आधी 😄

तिरकस:
दादा, हार मी पण घालीन. माझं भांडण मेडलशी आहे. त्या रात्री नेगींच्या पुढेमागे जे गढवाली होते त्यातल्या एकाचं तरी नाव माहितीय इथे कोणाला? त्या युद्धात ७४ हजार हिंदी सैनिक मेले आणि आपण दोनचार व्हीसी घोकतोय.

रानवाटा:
हे मात्र बरोबर. पण ज्यांना थडगंही मिळालं नाही अशा ४,७०० वर लोकांची नावं फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत.

तिरकस:
तीही साम्राज्याच्या खर्चाने, १९२७ ला.

माणगावकर:
मग तू वर्गणी काढ की, पहिले शंभर माझे.