क्लिप मारली तरी पॅन्टोप्राझोलचा पंप कशाला?

मुलुंडकर: परवा रात्री बाबांना कॉफीच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली, गुडघ्यासाठी महिनाभर डायक्लोफिनॅक (पेनकिलर) खात होते तेही उपाशीपोटी, एन्डोस्कोपीत अल्सरला रक्त थांबवायला क्लिप लावली मग आता ७२ तास पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिड कमी करणारं औषध) शिरेतून पंपाने का?

रेसिडेंट_परळ: अ‍ॅसिड दाबलं की अल्सरवरची रक्ताची गुठळी टिकते, परत ब्लीडिंग व्हायची भीती पहिले ३ दिवसच जास्त. आधी ८० एमजी एकदम, मग तासाला ८.

गिरगावची: आमच्या काकांना अशाच ब्लीडिंगला ऑक्ट्रिओटाइड (शिरांतला दाब कमी करणारं औषध) आणि अँटिबायोटिक दिलेलं.

रेसिडेंट_परळ: ते लिव्हरच्या आजाराचे पेशंट असणार, त्यात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात, वेगळं प्रकरण. आणि ट्रॅनेक्सासाठी (रक्तस्राव थांबवायचं औषध) हट्ट नको, पोटातल्या ब्लीडिंगवरच्या २०२० च्या हॉल्ट-इट ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या.

मुलुंडकर: थँक्यू डॉक्टर, आईने डायक्लोची पट्टी कचऱ्यात टाकलीय, बाबा चहा मागतायत 😅