मदत हवी आहे: डोके न गरगरता खेळता येतील आणि हरल्यावर कारण कळेल असे व्हिडिओ गेम्स सुचवावेत

नमस्कार.

मी पुण्यात कोथरूडला राहतो आणि शाळेच्या वयापासून व्हिडिओ गेम्स खेळत आलो आहे. सध्या मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे ते मुख्यतः फर्स्ट-पर्सन, म्हणजे सगळे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या, गेम्समध्ये होणाऱ्या गरगरण्याबाबत. त्याखेरीज कामावरून आल्यानंतरच्या तासाभरात पुढे नेता येईल असा एखादा रोलप्लेइंग (एका पात्राची भूमिका घेऊन त्याचे निर्णय आपण घ्यायचे असा) गेम आणि आठवीतल्या भाचीबरोबर एकाच पडद्यावर खेळता येईल असे काही चांगले मिळाले, तर तेही हवे आहे. खेळणाऱ्याची आवड माहीत नसताना नुसते नाव सुचवणे कठीण असते, म्हणून निरनिराळ्या प्रकारांतल्या गेम्सबद्दलची माझी मते आधी सविस्तर मांडतो.

माझी कसोटी एकच आहे. हरल्यावर मी का हरलो, हे मला कळले पाहिजे. ते कळत असेल तर गेम कितीही कठीण असला तरी मला चालतो, आणि कळत नसेल तर त्यातली चित्रे आणि संगीत कितीही देखणे असले तरी माझे मन रमत नाही. या कसोटीला सर्वांत चोख उतरलेला गेम म्हणजे 2018 सालचा 'इन्टू द ब्रीच'. आठ बाय आठ घरांचा पट, तुमच्या हाताशी तीन महाकाय यंत्रे, आणि शत्रूचे किडे पुढच्या खेळीत नेमका कुठे वार करणार हे तुमची पाळी येण्याआधीच पटावर दाखवलेले. त्यामुळे मारण्यापेक्षा ढकलण्याला महत्त्व येते. एखाद्या किड्याला एक घर बाजूला सरकवले की इमारतीवर रोखलेला त्याचा वार शेजारच्या दुसऱ्या किड्यावर जाऊन बसतो, आणि एका यंत्राच्या एका धक्क्यात दोन संकटे टळतात. सगळी माहिती समोर असल्यामुळे हरल्यावर नशिबाला बोल लावायला फारशी जागाच उरत नाही. बुद्धिबळाची गोडी असलेल्या कोणालाही मी हा गेम डोळे मिटून सुचवीन.

मोठ्या स्ट्रॅटेजी गेम्सबद्दल माझे मत इतके चांगले नाही. 'सिव्हिलायझेशन 6' चा पहिला टप्पा मला अतिशय आवडतो, कारण नकाशा अंधारात असतो, नदीकाठी शहर वसवायचे की डोंगराआड, हा निर्णय पुढे कित्येक चाली आपला पाठपुरावा करतो, आणि शेजारी कोण निघेल याची उत्सुकता असते. पण डाव अर्ध्यावर आला की कोण जिंकणार हे स्पष्ट दिसू लागते आणि उरलेला वेळ केवळ शहरांची निगा राखण्यात जातो. 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा 1999 चा गेम अजून इतका जिवंत आहे की 2022 साली त्यात भारतीय राजवटींवरचा नवा भाग आला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तो आता बोटांच्या वेगाचा खेळ झाला आहे आणि तो वेग माझ्यापाशी नाही.

ॲक्शन प्रकारात कठीणपणावरून नेहमी वाद होतात, त्यात माझी बाजू ठरलेली आहे. मित्राच्या प्लेस्टेशनवर मी 'एल्डन रिंग' खेळलो. त्यातला मार्गिट हा सुरुवातीचा मोठा प्रतिस्पर्धी काठी उगारतो आणि ती लगेच खाली न आणता क्षणभर तशीच धरून ठेवतो. काठी वर जाताना पाहूनच जो उडी मारतो त्याला ती नेमकी उडी संपताना लागते. हे लक्षात आले की हात पाहायचा सोडून काठी खाली यायला लागण्याची वाट पाहायची सवय लागते, आणि जो माणूस अन्यायी वाटत होता तो न्यायी वाटू लागतो. तरीही सगळ्यांनी हाच एक घाट चढून यावे असा आग्रह मला पटत नाही. 'सेलेस्ट' (2018) हा गेम काही कमी कठीण नाही, पण त्यात खेळाचा वेग कमी करण्याची, दम न संपण्याची, इतकेच काय, अजिबात न मरण्याचीही सोय ठेवली आहे आणि ती वापरणाऱ्याला कुठेही हिणवलेले नाही. शिवाय पडल्यावर त्याच पडद्यावरून निमिषार्धात पुन्हा सुरुवात होते, त्यामुळे चूक ताजी असतानाच सुधारता येते. माझ्या मते कठीण गेम बनवणाऱ्यांनी यापासून शिकायला हवे.

खेळांच्या गेम्समध्ये 'क्रिकेट 07' नंतर मी फारसा शिरलो नाही, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही.

रोलप्लेइंग गेम्समध्ये 'द विचर 3' (2015) मला फार मोठा वाटतो, पण तो त्याच्या विस्तारामुळे नव्हे. टेकडीखाली कोंडलेल्या एका आत्म्याला सोडायचे की मारायचे हे आपण घाईत ठरवतो आणि त्याचे फळ बऱ्याच वेळाने, आपल्याला संबंध नाही असे वाटणाऱ्या एका कुटुंबाच्या दारात उभे राहते. असा निर्णय शंभर लढायांपेक्षा अधिक लक्षात राहतो. त्याच गेममध्ये स्केलिगे या बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशावर विखुरलेली प्रश्नचिन्हे एकामागून एक होडीने गोळा करत फिरणे मात्र मला निव्वळ वेळखाऊ वाटले. याउलट 'डिस्को एलिसियम' (2019) मध्ये नेहमीसारखी लढाईच नाही. दोन फासे पडतात, पात्राच्या डोक्यातले निरनिराळे आवाज त्याला सल्ले देतात, आणि फासे उलटे पडले तरी गोष्ट थांबत नाही, वेगळ्या वाटेने पुढे सरकते. तिथे हरणेही वाया जात नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते. या दोन्हींच्या जातीचा, परंतु आकाराने आटोपशीर, कुठेही सेव्ह करून उठता येईल आणि आठवडाभराने पुन्हा उघडला तरी धागा सापडेल असा गेम कोणता?

आता मुख्य अडचण सांगतो. फर्स्ट-पर्सन गेम सुरू केला की थोड्याच वेळात मला घाटात गाडी लागावी तसे होते: आधी तोंडाला पाणी सुटते, मग कपाळ थंड पडते आणि मळमळू लागते. याचे कारण मी वाचले आहे. गाडीत कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते आणि पुस्तकावर किंवा फोनवर खिळलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. गेममध्ये नेमके उलट होते, डोळे धावत असतात आणि शरीर खुर्चीत स्थिर असते. यावर पडद्यावरचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे सेटिंगमधला एफओव्ही, 90 अंशांच्या आसपास नेणे, मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर होणे) आणि चालताना कॅमेऱ्याचे हिंदकळणे बंद करणे, मध्यभागी एक ठिपका कायम दिसत ठेवणे आणि खोलीत दिवा लावून पडद्यापासून लांब बसणे, हे सर्व मी करून पाहिले. थोडा फरक पडतो, पण पुरेसा नाही. माझ्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे चित्र अधूनमधून अडखळते. या अडखळण्यानेच त्रास वाढत असेल का? सवयीने हा त्रास खरोखर कमी झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का, की शरीर बदलत नाही हे मान्य करून हा प्रकार सोडून द्यावा? सोडून देणे मला फार जड जाईल. 'पोर्टल 2' तर राहिलाच आहे, शिवाय 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (2018) अर्धवट ठेवावा लागला आहे. त्या जहाजावरच्या साठ जणांचे काय झाले हे वहीत नोंदवत जायचे आणि तिघांचे नाव व प्राक्तन अचूक जुळल्याशिवाय गेम होकार देत नाही, ही मला आजवर दिसलेली सर्वांत सुंदर योजना आहे.

भाची रविवारी हडपसरहून येते. ती मराठी माध्यमात शिकते, त्यामुळे सगळी मदार इंग्रजी संवादांवर असलेले गेम्स तिला कंटाळवाणे होतात. एरवी ती वर्गमैत्रिणींबरोबर फोनवर बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी एकच खेळाडू किंवा संघ उरेपर्यंत चालणारा गोळीबाराचा गेम, खेळते. त्यातल्या गोळीबारावर माझा आक्षेप नाही. एक दिवस उघडला नाही तर बक्षीस बुडेल, सीझन संपेल, ही जी धास्ती तो गेम मुलांच्या मनात पेरतो, तिच्यावर आहे. पुण्यातच तयार झालेला 'राजी' (2020) तिने आवडीने खेळला, कारण नायिका तिच्याच वयाची वाटते, कॅमेरा लांब असतो आणि गोष्ट सांगणाऱ्या छायाबाहुल्या तिला फार भावल्या. पण तो एकट्याने खेळण्याचा आहे. 'ओव्हरकुक्ड' दोघांनी खेळून झाला. 'इट टेक्स टू' विषयी बरेच चांगले ऐकले आहे, परंतु त्याची कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या आईवडिलांची आहे. ज्यांनी तो या वयाच्या मुलांबरोबर खेळला आहे, त्यांनी मुलांना तो कसा वाटला, हे कृपया लिहावे. तो माझ्या लॅपटॉपवर चालेल का, हेही कळल्यास बरे.

रॅम आठ जीबी आहे आणि कंट्रोलर दोन आहेत. गेम सुचवताना तो तुम्ही कोणत्या यंत्रावर खेळलात आणि त्यात कॅमेरा कसा हलतो, एवढे आवर्जून सांगावे. गरगरण्याचा त्रास असलेल्यांनी कोणती सेटिंग कितीवर ठेवली, ते आकड्यांसह लिहिले तर अधिक उपयोग होईल. ओब्रा डिनमधल्या कोणाचेही प्राक्तन मात्र कृपया प्रतिसादात उघड करू नये.