मार खाऊन आलेल्या बाईला आधी 'मिटवून घे' कशाला सांगायचं?

निशिगंध
मुद्दा थेट मांडते. नवऱ्याने मारलं म्हणून बाई गावच्या तंटामुक्ती समितीकडे आली, तर समितीने तो 'तंटा' धरून मिटवू नये. तिला दवाखान्यात न्यावं, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याशी तिची गाठ घालून द्यावी आणि बाजूला व्हावं. आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्तीची ही मोहीम सुरू झाली. बांधाच्या आणि भाऊबंदकीच्या भांडणांत तिने लोकांचे कोर्टाचे हेलपाटे वाचवले, हे मान्यच. पण बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापल्या घरी जाऊन झोपतात. इथे एकीला त्याच घरात, त्याच माणसाजवळ परत जायचं असतं. शिवाय तंटे मिटवले की गावाला बक्षीस. म्हणजे तिची तक्रार मिटलेल्या तंट्यांच्या यादीत जमा. पुढे तिला पुन्हा मार बसला का, हे विचारायला कोण जातं?

प्रतिसाद जरूर द्या, फक्त "पण बायकाही काही कमी नसतात" ने सुरुवात नको.

वडाचा_पार
ताई, मी आमच्या गावच्या समितीत होतो म्हणून लिहितो. बाई रात्री साडेदहाला दारात येते. एक पोर कडेवर, दुसरं बोट धरून. तिला केस करायचीच नसते. ती म्हणते, "दादा, तुम्ही त्याला चार शब्द सांगा, तुमचं ऐकतो तो." तिला मी कलमं वाचून दाखवू? शेवटची एसटी गेलेली असते. माहेरी भाऊ-भावजय दोन दिवसांच्या वर ठेवून घेत नाहीत. चार वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याची मान खाली गेली की तो सहा महिने सरळ राहतो. शहरात बसून तुम्हाला सहा महिने थोडे वाटत असतील, तिला वाटत नाहीत.

काळा_कोट
सहा महिन्यांनी काय होतं तेही लिहा की.

वकील आहे, म्हणून एक सांगते. कायद्याचं समुपदेशनाशी वाकडं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 14 त्यासाठीच आहे. पण 2006 च्या नियमांत एक अट घातली आहे: मारहाणीचं समर्थन नवऱ्याला करू द्यायचंच नाही, आणि हे त्याला समुपदेशन सुरू व्हायच्या आधी सांगायचं. आता तुमच्या बैठका आठवा. तोंड उघडल्या उघडल्या काय येतं? "भाकरी वेळेवर करत नाही." "उलटून बोलते." "सारखी फोनवर असते." अर्धा तास तिच्याच चुकांचा पाढा, आणि शेवटी दोघांनाही समज. दोघांना! तिला कशाबद्दल?

आणि केस केली की संसार मोडला, हा समजही सोडा. या कायद्याखाली ती त्याच घरात राहायचा हक्क मागू शकते, मारहाणीला मनाई करणारा आदेश घेऊ शकते, खर्च मागू शकते. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. मनाईचा आदेश नवऱ्याने मोडला तर मात्र गुन्हा होतो. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा, असंही कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात त्यावर इथे लिहीत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

सरळ_बोलतो
झालं, गाडी एकाच रुळावर. 498अ मध्ये, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमात, म्हातारे आईवडील आणि सासरी नांदणारी बहीण गोवलेली मी जवळून पाहिलीय. सुप्रीम कोर्टानेच 2014 मध्ये सांगितलं ना, की तक्रार आली म्हणून लगेच अटक करू नका? मग बायकोचा छळ सोसणारा पुरुष तुमच्या या कायद्यात कुठे बसतो?

काळा_कोट
तो निकाल खरा आहे आणि योग्यही आहे. पण 498अ, म्हणजे आताच्या न्याय संहितेचं कलम 85, हा फौजदारी मामला. मी बोलतेय तो कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. दोन्हींची भेळ करू नका. पुरुषाला मार बसत असेल तर मारहाणीचं साधं कलम त्यालाही आहेच. या कायद्यात मात्र तक्रारदार बाईच लागते. पण बाई म्हणजे फक्त सून नव्हे. मुलाने हात उचललेली आई, भावाने घराबाहेर काढलेली बहीण, सगळ्या येतात. लिंगबदल शस्त्रक्रिया केलेली तृतीयपंथी स्त्रीही येते, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं.

निशिगंध
@सरळ_बोलतो, पुरुषांना बोलायला जागा हवी यावर माझं भांडण नाही. पुण्यात पुरुष संवाद केंद्र काढलं ते नारी समता मंचाने, म्हणजे बायकांच्याच संघटनेने. मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना 1993 पासून तरुण पोरांशी याच विषयावर बोलतेय. असं काम वाढायला हवं. पण त्यासाठी तिची तक्रार थांबवून ठेवायची का?

एकच_उपाय
दारू बंद करा, निम्मी भांडणं मिटतील. आमच्या वॉर्डात बायकांनी मतदानात बाटली आडवी केली, तेव्हापासून रात्रीचा आरडाओरडा कमी झालाय.

ओंजळ
कमी झाला असेल. आमच्या शेजारचे गुरुजी सुपारीसुद्धा खात नाहीत आणि मारतात.

मला वेगळं सांगायचंय. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमची एक माजी विद्यार्थिनी नवऱ्याने मारलं म्हणून चौकीत गेली. तिच्या खुणांचा अर्थ साहेबांना कोण सांगत होतं? तिची नणंद. पोरीने दंडावरचे वळ दाखवले, मूठ आवळून मारल्याची खूण केली. नणंद म्हणाली, "ओट्यावर आपटली म्हणतेय." तेच कागदावर उतरलं आणि खाली हिची सही घेतली. मुलगी बारावी झालेली आहे हो. तोच कागद तिच्यापुढे सरकवला असता तर तिने स्वतः लिहिलं असतं. बाहेर येऊन मला व्हिडिओ कॉल केला तेव्हा हे कळलं. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला एक फोन लावायचं कोणाला सुचलं नाही. वर चौकशी करायला गेले तर उत्तर मिळालं, "घरचंच माणूस होतं की बरोबर."

वडाचा_पार
हे वाईटच झालं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. बाईला ठेवायचं कुठं? सरकारच्या सखी केंद्रात म्हणे पाच दिवस राहता येतं. सहाव्या दिवशी ती परत माझ्याच दारात.

निशिगंध
जागा कमी आहेत, त्यातही पोरगा जरा मोठा असला की आई एकीकडे आणि तो दुसरीकडे, हे सगळं कबूल. मग ओरडायचं सरकारच्या नावाने. जागा नाही म्हणून तिला परत धाडायचं, हा कुठला न्याय?

आणि दादा, तुमच्या दारात येतात त्या मोजक्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त 14 टक्के निघाल्या. बाकीच्या ना समितीकडे येत ना चौकीत, पण मलमपट्टीला दवाखान्यात जातात. हे ओळखूनच मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढलं. तिथे नर्सबाईच बाजूला घेऊन विचारते, कसं लागलं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे का होऊ नये?

काळा_कोट
वकिलाच्या फीला घाबरून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

वडाचा_पार
ग्रामपंचायतीत विषय मांडतो. 181 या महिला हेल्पलाइनच्या नंबरचा बोर्डही लावू. पण चावडीवरच्या बोर्डासमोर उभं राहून नंबर उतरवून घेणारी बाई दुसऱ्या दिवशी पाण्याला आली की आख्खी आळी तिला विचारणार, त्याचं काय करायचं?

ओंजळ
चावडीवर लावूच नका. उपकेंद्रात बाळांना लस टोचतात त्या खोलीत लावा. तिथे पुरुष सहसा नसतात, आणि आशाताईंना कुठल्या घरात काय चाललंय ते तुमच्या समितीच्या आधी माहीत असतं.