साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातून लेण्यांचे आणि पोळ्याचे फोटो नीट कसे येतील?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. कॅमेरा साधा कॉम्पॅक्ट आहे. १६ मेगापिक्सेल, ८ पट झूम (२८ ते २२४ मिमी), भिंगाभोवती ३.२–६.४ असा आकडा. ऑटो, पी (उघडीप आणि वेळ कॅमेरा ठरवतो, बाकी आपण) आणि सीन मोड आहेत, एम (सगळं हाताने) नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) १०० ते ३२००. तीन ठिकाणी अडायलंय:

१) अजिंठ्याच्या लेण्यांत फोटो हलतात, पिवळे येतात आणि रवाळ दिसतात.
२) वेरूळला कैलासाचा फोटो घेतला की एक तर आभाळ पांढरं फट्ट, नाही तर शिल्पं काळीठिक्कर.
३) पोळ्याला बैल वेशीतून निघताना बटण दाबलं की फोटो उशिरा निघतो, बैल अर्धा चौकटीबाहेर. संध्याकाळी फ्लॅश लावला तर फोटोभर पांढरे गोल ठिपके.

नवा कॅमेरा घ्यायचा विचार सध्या नाही. आहे त्यातच काय करता येईल ते सांगा.

शिवलेणी (अंबाजोगाई)

अजिंठ्याचं आधी सांगतो, कारण तिथं या कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते.

तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर बहुधा १/२.३ इंची प्रकारचा असणार, म्हणजे साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमी. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिमी असतो, क्षेत्रफळाने जवळपास ३० पट मोठा. एवढ्याशा तुकड्यावर अंधारात प्रकाश पडतो तो अगदी थोडा. मग कॅमेरा आयएसओ १६०० किंवा ३२०० ला नेतो, रवा येतो, आणि तो रवा पुसायला कॅमेरा स्वतःच फोटो गुळगुळीत करतो. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रात मुकुटातली बारीक रेघ तिथंच जाते. ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

झूम करू नका, ही त्या अंधारातली सगळ्यात मोठी गोष्ट. ३.२–६.४ चा अर्थ असा की झूम न करता भिंग एफ/३.२ ला उघडतं आणि पूर्ण झूमला एफ/६.४ वर येतं, म्हणजे प्रकाश बरोबर चौथ्या हिश्शावर. झूमशिवाय १/३० सेकंद मिळत असेल तर पूर्ण झूमला १/८ मिळणार. उलट गरज वाढते. हातात धरून न हलता फोटो यायला २८ मिमीला साधारण १/३० पुरतं, २२४ मिमीला १/२५० लागतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन यातली दोन-तीन पायऱ्यांची (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कसर भरतं, पाच पायऱ्यांची भरत नाही. म्हणून झूम शून्यावर ठेवा आणि कठडा जेवढं जवळ जाऊ देतो तेवढं जवळ जा.

फ्लॅशला तिथं बंदीच आहे, तीव्र प्रकाशाने रंगांचं नुकसान होतं म्हणून. नुसतं 'ऑटो' वर सोडू नका. फ्लॅशच्या चिन्हावर काट आलेली दिसली पाहिजे. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा पिशवी करा. १५ गुणिले २० सेंमीची जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात अर्धा किलो ज्वारी भरा. पूर्ण ठासून भरू नका, दोन तृतीयांशच भरा, म्हणजे कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. ती कठड्यावर ठेवायची. खांबाला किंवा भिंतीला मात्र टेकायचं नाही, काही खांबांवरही रंगकाम आहे.

कॅमेरा पिशवीवर बसला की: पी मोड, आयएसओ १०० किंवा २००, २ सेकंदांचा सेल्फ-टायमर. टायमर यासाठी की बटण दाबतानाचा धक्का जिरून गेल्यावर फोटो निघतो. मंद दिव्यांत एफ/३.२ ला, आयएसओ १०० ला एक-सव्वा सेकंद लागेल, ४०० ला त्याचा चौथा हिस्सा. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये पी मोड १ सेकंदापुढे जात नाही. फोटो काळा येऊ लागला तर आयएसओ ४०० करा, त्याच्या वर नको. कॅमेरा टेकवलेला असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, जुन्या कॅमेऱ्यांत ते स्थिर कॅमेऱ्यालाच हलवतं.

पिवळेपणासाठी व्हाइट बॅलन्स 'ऑटो' वरून काढून 'कस्टम' करा. त्याच दिव्याखाली पांढरा कोरा कागद धरा, तो चौकटभर घ्या आणि सेट करा. प्रत्येक लेण्यात पुन्हा करावं लागतं, दरवाजातून येणारं ऊन आणि आतला दिवा यांचं मिश्रण सगळीकडे वेगळं असतं. हे केलं तरच गेरू गेरूसारखा दिसतो आणि राजावर्ताचा (निळ्या दगडाच्या रंगाचा) निळा हिरवट पडत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर २६ व्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपासून सुरू करा. दगड आहे, रंगाची भानगड नाही, आणि हात बसतो. सोमवारी अजिंठा बंद असतं.

गोदाकाठ (नांदेड)

शिवलेणी यांनी सगळं नीट लिहिलंय, एक भर. सीन मोडमध्ये 'हातातून रात्रीचा फोटो' असा पर्याय असेल तर तोही बघा. कॅमेरा एका दाबात चार-सहा फोटो घेऊन ते एकत्र करतो आणि रवा कमी होतो. पिशवी ठेवायला जागाच नसेल तिथं उपयोगी आहे.

शिवलेणी (अंबाजोगाई)

खांबांच्या सभामंडपाला चालेल. चित्रांसाठी मी सुचवणार नाही. सगळे फोटो एकमेकांवर बसवताना बारीक रेघा पुसट होतात, आणि चित्रांत तीच तर बघायची असते. समोरून माणूस गेला तर त्याच्या दोन-तीन सावल्या उमटतात. शिवाय त्याच्याशेजारीच 'रात्रीचं पोर्ट्रेट' असतं, ते फ्लॅश टाकतं. घाईत चुकीचं चिन्ह निवडलं जातं, जपून.

खाम (छ. संभाजीनगर)

कैलासाबद्दल. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला कोरलेली आहेत. सकाळी ऊन डोंगराच्या मागून येतं, दर्शनी भाग सावलीत आणि मागचं आभाळ लखलखीत. तेव्हा काढलेला फोटो कुठल्याही कॅमेऱ्याला जड जातो. दुपारी तीननंतर जा. तिरपं ऊन शिल्पांवर बाजूने पडतं, हत्तींचे सुळे-सोंडा उठून येतात आणि आभाळ-दगडातला फरकही आटोक्यात येतो. मंगळवार सोडून, तेव्हा वेरूळ बंद असतं.

कॅमेरा चौकटीतला सगळा उजेड एकत्र मोजून त्याला मध्यम राखाडी करू पाहतो. आभाळ जास्त घेतलं की तो एकूण फोटो दाबतो, मग शिल्पं काळी पडतात. नुसता काळा बेसाल्ट घेतला तर उलट होतं, तो दगड उजळवतो आणि कोळशासारखा दगड धुळकट राखाडी दिसतो. उपाय असा: कॅमेरा खाली झुकवून उन्हातल्या दगडावर धरा, बटण अर्धं दाबा आणि तसंच दाबून ठेवा. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये फोकस आणि प्रकाश दोन्ही तिथंच थिजतात. मग चौकट हवी तशी करून बटण पूर्ण दाबा. दगड जेवढ्या अंतरावर मोजला तेवढ्याच अंतरावरचा विषय ठेवा, नाही तर फोकस चुकतो.

तरी आभाळ फुटत असेल तर अधिक-उणेचं चिन्ह असलेली, फोटो उजळ-गडद करायची सोय वापरा. कैलासाला −०.३ ते −०.७. बीबी का मकबऱ्याला याच्या उलट: पांढरा संगमरवर आणि चुना बघून कॅमेरा फोटो मळकट करतो, तिथं +०.७ द्या. फोटो झाल्यावर हा आकडा शून्यावर आणायचा. काही कॅमेरे तो बंद केल्यावरही लक्षात ठेवतात.

मेनूमध्ये सावल्या उजळवणारी सोय असते. कॅननमध्ये तिला आय-कॉन्ट्रास्ट म्हणतात, सोनीत डीआरओ, निकॉनमध्ये ॲक्टिव्ह डी-लायटिंग. मध्यम ठेवा. जास्त केली की सावलीत रवा वर येतो. आणि आभाळ वगळता आलं तर सगळ्यात उत्तम. कैलास वरून खाली खोदत आणलेला आहे, त्यामुळे वरच्या कड्याची वाट खुली असेल तर तिथून मंदिर खाली बघत घ्या. चौकटीत फक्त दगड राहतो, भांडणच मिटतं.

देवणी (उदगीर)

पोळ्याचं माझ्याकडे.

बटण एकदम दाबलं की कॅमेरा आधी फोकस शोधतो, मग उजेड मोजतो, मग फोटो काढतो. उजेड कमी असेल तर यात अर्धा सेकंद सहज जातो, तेवढ्यात बैल एक पाऊल पुढे. म्हणून बैल येण्याआधीच वेशीच्या उंबरठ्यावर किंवा त्याच अंतरावरच्या माणसावर बटण अर्धं दाबून थांबा. हिरवा चौकोन आला की बोट उचलायचं नाही. बैल तिथं पोचला की पूर्ण दाबा. अशा वेळी फोटो जवळपास लगेच निघतो. फोकसचा बिंदू मधला एकच ठेवा. 'चेहरा शोध' चालू राहिला तर तो गर्दीतल्या माणसावर जाऊन बसतो.

चालत्या बैलाला १/२५० पाहिजे, उसळलेल्याला १/५००. पोळ्याच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, संध्याकाळी वेशीत ऊन नसतंच. एफ/३.२ ला आयएसओ १०० वर जेमतेम १/५० मिळेल, ४०० वर १/२००. म्हणून त्या दिवशी आयएसओ ४०० ठेवाच, उजेड उतरला की ८००. रव्याचा फोटो चालतो, हललेला नाही. कॅमेऱ्यात 'स्पोर्ट्स' किंवा 'मुलं व प्राणी' असा सीन असेल तर तो शटर आपणहून वाढवतो. बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) लावा, पण जपून: तीन-चार फोटोंनंतर कार्डावर लिहिताना कॅमेरा अडून बसतो आणि नेमका मानाचा बैल तेव्हा येतो.

रंगाचं एक सांगतो, कारण आपल्याकडच्या जनावरांत ते फार जाणवतं. लाल कंधारी जातीचा बैल गडद तांबडा, वर लाल झूल, शिंगांना हिंगूळ, लाल गोंडे. 'व्हिव्हिड' रंग लावले की हे सगळं मिळून एक सपाट लाल डाग होतो, झुलीची वीण दिसत नाही, अंगावरची लकाकी दिसत नाही. रंग 'नॉर्मल' किंवा 'न्यूट्रल' ठेवा आणि −०.३ ते −०.७ द्या. देवणी जातीचा बैल पांढरा-काळा असतो. त्याला ऊन असेल तर −०.३, म्हणजे पाठीचा पांढरा भाग फुटत नाही, आणि काळे ठिपके तसेही काळेच राहायला हवेत. फोटोही बैलाच्या खांद्याच्या उंचीवरून घ्या, उभं राहून घेतलेल्या फोटोत बैलाचे पाय आखूड दिसतात.

बैलाच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नका. आधीच ढोल-ताशाने बिथरलेलं जनावर असतं, कासरा धरलेल्या माणसाला आवरत नाही. दुपारच्या उन्हात माणसाच्या फेट्याखाली चेहरा काळा येतो, तिथं मात्र फ्लॅश सक्तीने चालू करा, विजेचं नुसतं चिन्ह, 'ऑटो' नको. माणूस दोन-अडीच मीटरच्या आत पाहिजे. कॉम्पॅक्टचा फ्लॅश झूमशिवाय साधारण तीन-चार मीटर पोचतो, झूमला त्याच्या निम्मा.

तेरणा (धाराशिव)

पांढऱ्या गोल ठिपक्यांचं कारण धूळ. कॉम्पॅक्टमध्ये फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो. भिंगासमोर बोट-दोन बोटं अंतरावर तरंगणारा कण फ्लॅशने उजळतो, पण फोकसबाहेर असतो, म्हणून मोठा गोल दिसतो. बैलांच्या खुरांची धूळ, जिनिंगजवळची कापसाची तुसं, भुरभुर पाऊस, सगळ्याचं तेच. फ्लॅश बंद करा, दुसरा उपाय नाही. गुलाल उधळला असेल तिथं तर कॅमेरा बाहेर काढूच नका, तो भिंगाच्या नळीत शिरतो.

ठिपके फ्लॅशशिवायही आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असतील तर धूळ सेन्सरवर आहे, ते कारागिराचं काम. फोटोभर धूसर पडदा असेल तर भिंगावर बोटाचा ठसा आहे. आधी रबरी फुग्याने हवा मारून कण उडवा, मग चष्म्याच्या मऊ कापडाने मधून बाहेर पुसा. उपरणं, शर्ट नको. कण न उडवता पुसलं की तोच कण भिंगावर ओरखडा काढतो.

वाऱ्यात झूम पुढे-मागे करत बसू नका. नळीच्या फटीत वाळूचा एक कण गेला की भिंग अर्ध्यात अडकतं आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येतं. नळी हाताने ओढू किंवा ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरायच्या आधी कॅमेरा बंद प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. दव पिशवीवर धरतं, भिंगावर नाही.

मांजराकाठ (लातूर)

खूप खूप आभार. शेवटचं एक. स्टुडिओत ४×६ चे प्रिंट काढले की फेट्याचा तुरा कापला जातो. कॅमेऱ्यात पूर्ण दिसतो. हे का?

खाम (छ. संभाजीनगर)

तुमचा फोटो ४:३ आकाराचा आहे, प्रिंट ३:२. आडवा फोटो पूर्ण रुंदीत बसवला की उंचीतला सुमारे ११ टक्के भाग वर-खाली मिळून कापला जातो. उभा फोटो असेल तर तेवढीच काट दोन्ही बाजूंनी लागते. मेनूत ३:२ चा पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर डोक्यावर मोकळी जागा सोडून काढा. स्टुडिओवाल्याला 'पूर्ण फोटो, कडेला पांढरी पट्टी चालेल' असं सांगितलं तरी होतं.

मेगापिक्सेलची काळजी नको. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४×६ इंचांना १८०० गुणिले १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या किंचित वर, आणि ८×१२ ला साडेआठच्या थोडं वर. तुमच्याकडे १६ आहेत. फक्त साइज 'लार्ज', दर्जा 'फाइन' ठेवा, डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करा आणि तारखेचा शिक्काही काढून टाका, तो फोटोतच छापला जातो. फोटो स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथं तो लहान होतो. कार्ड किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा.