मदत हवी आहे: लेकीला दर शुक्रवारी पाठवायला नवीन इंग्रजी गाणी सुचवा

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी शिकायला लीड्सला गेली आहे. निघताना आमचं ठरलं की दर शुक्रवारी एकमेकांना एक गाणं पाठवायचं. अट तिची: गाणं २०२३ किंवा त्यानंतरचं हवं. "बाबा, तुमची जुनी गाणी मला पाठ आहेत, आता नवीन काय आवडतं ते सांगा," म्हणाली. तिचं बरोबर आहे. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर आमच्या गाडीत वीस वर्षं डायर स्ट्रेट्स, पिंक फ्लॉइड आणि फ्लीटवुड मॅक यांच्यापलीकडे काही वाजलंच नाही. कॉलेजात असताना पुण्याहून कुणी कॅसेट आणली की ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, आणि पुढची येईपर्यंत तीच ऐकायची. कान त्यावर घडला आणि तिथेच थांबला.

पहिल्या शुक्रवारी मी बीटल्सचं 'नाऊ अँड देन' पाठवलं. आलंय नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे अटीत बसतं. पण लेननचा आवाज सत्तरच्या दशकात घरी टेप केलेला, हॅरिसनची गिटार १९९५ ची. लेक म्हणाली, "सुंदर आहे, पण हे तुमचंच जुनं आहे." मग रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' ऐकला. त्यांचे ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेले, तरी त्यातल्या दोन गाण्यांत ड्रम त्यांचेच आहेत. ते कळल्यावर मी ती दोन्ही लागोपाठ तीनदा ऐकली. तरी उत्तर तेच आलं असतं, म्हणून पाठवलं नाही.

एक मात्र जमलं. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या २०२४ च्या 'लक अँड स्ट्रेंज' अल्बममध्ये 'बिट्वीन टू पॉइंट्स' आहे. ते गिल्मर गात नाहीत, त्यांची मुलगी रोमनी गाते, हार्पही तीच वाजवते, आणि शेवटी बापाची गिटार येते. ते पाठवलं त्या रात्री लेकीचा फोन आला. बराच वेळ बोललो.

त्यानंतर पाच शुक्रवार माझ्याकडे पाठवायला काही नाही. ॲप उघडलं की ते मला माझीच जुनी गाणी फिरवून फिरवून दाखवतं. 'यंदाची सर्वोत्तम' अशा याद्या चाळल्या, पण दोनशे नावांत शिरायचं कुठून? तिकडून ती मात्र न चुकता पाठवते. मागच्या आठवड्यात बिली आयलिशचं एक आलं. आवाज इतका हळू की मला दोनदा आवाज वाढवावा लागला. आवडलं की नाही, मला खरंच ठरवता येईना.

मला आवडतं ते असं: वाद्यं माणसांनी वाजवलेली कळावीत, शब्द नीट ऐकू यावेत, आणि गाणाऱ्याने थोडं आयुष्य पाहिलेलं असावं. लोकप्रिय असलं-नसलं तरी चालेल. एकेक गाणं सांगितलंत तरी पुरे, पण ते का ऐकावं हे जरूर लिहा. माझी अडचण नावांची नाही, ऐकायचं कसं याची आहे.

प्रतिसाद: पहाटवारा

आधी बिलीचं. ते गाणं सुटं ऐकू नका. 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' (मे २०२४) हा अख्खा अल्बम एका बैठकीत ऐका, दहाच गाणी आहेत. अल्बम यायच्या आधी त्यातलं एकही गाणं तिने सुटं बाजारात आणलं नव्हतं, एकत्रच ऐकलं जावं म्हणून. हेडफोन लावा आणि रात्री ऐका. तंतुवाद्यं अटाका क्वार्टेटची आहेत, खरी, माणसांनी वाजवलेली. 'द ग्रेटेस्ट' पुटपुटण्यापासून सुरू होतं आणि शेवटाकडे तीच मुलगी छाती फोडून गाते. ती हळू का गात होती ते तेव्हा कळतं. माझ्या मते लेकीच्या गाण्याला नीट ऐकून उत्तर देणं हाही एक शुक्रवारच झाला.

आता तुमच्या वयाचं, आणि माझ्याही. बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन'. ही पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची गायिका. दहा वर्षं या अल्बमवर काम करून तो २०२४ मध्ये आणला. वय वाढणं, जवळची माणसं जाणं, शरीर बदलणं, यावरच आहे सगळा. तालासाठी नेहमीचा ड्रमसेट बाजूला ठेवून स्वयंपाकघरातले डबे, पत्रा, पडद्यांनी भरलेलं खोकं असलं वाजवलंय. त्यामुळे ठोका घरातल्या घरात, भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. 'फ्लोटिंग ऑन अ मोमेंट' पासून सुरुवात करा. शेवटी लहान मुलांचे आवाज येतात तोवर उठू नका.

प्रतिसाद: तिसरी घंटा

डायर स्ट्रेट्सवाल्याला मी डोळे मिटून गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्सचा 'वुडलँड' (२०२४) देईन. दोन आवाज, दोन गिटारी, आणि मोजकी साथ. वुडलँड हे त्यांच्या अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओचं नाव. मार्च २०२० च्या टोर्नेडोत त्याचं छप्पर उडालं. वीज नाही, वरून पाऊस, आणि या दोघांनी अंधारात आपल्या जुन्या टेप उचलून वाचवल्या. तिथेच पुढे हा अल्बम झाला. रॉलिंग्सची गिटार गाण्याच्या मध्ये बोलते, तुमच्या डायर स्ट्रेट्सच्या नॉफ्लरसारखीच, फक्त वायर न लावता.

दुसरं, द क्युअर या ब्रिटिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. १ नोव्हेंबर २०२४ ला आला, आधीच्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी. 'अलोन' मध्ये तीन मिनिटं उलटून जातात तरी गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. तुम्ही फ्लॉइड ऐकलेले, तुम्हाला हे थांबणं परकं वाटणार नाही. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' त्याच्या गेलेल्या भावावर आहे, ते मात्र एकटे असताना ऐका.

आणि शुक्रवार तुम्ही नकळत बरोबर निवडलात. जुलै २०१५ पासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारीच येतात. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी येत. म्हणजे त्या दिवशी तुम्ही आणि लेक एकच अल्बम एकाच दिवशी पहिल्यांदा ऐकू शकता. पाठवण्यापेक्षा मला हे जास्त आवडेल.

प्रतिसाद: पहाटवारा

लेक तिकडे एकटी आहे म्हणून एक राहिलेलं: एड्रियन लेंकरचं 'रियल हाउस', 'ब्राइट फ्यूचर' (२०२४) या अल्बममधलं पहिलं. जंगलातल्या स्टुडिओत थेट टेपवर घेतलंय. पियानो, आणि आईशी बोलणारी मुलगी. हे तुम्ही पाठवू नका. तिच्या आईला पाठवायला सांगा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. चार दिवस यातच होतो.

बिलीचा अल्बम हेडफोनवर पूर्ण ऐकला. 'द ग्रेटेस्ट' ला मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. लेकीला तसंच लिहिलं. "तुम्ही अख्खा ऐकलात?" एवढंच उत्तर, आणि लगेच फोन. बेथ गिबन्स मला पहिल्यांदा जड गेली, दुसऱ्यांदा नाही. क्युअर अजून राहिलाय.

या शुक्रवारी 'वुडलँड' मधलं पहिलंच गाणं, 'एम्प्टी ट्रेनलोड ऑफ स्काय', जातंय. छपराची गोष्टही सोबत लिहिली आहे. 'रियल हाउस' हिला ऐकवलं. ऐकून काही बोलली नाही, फोन मागून घेतला आणि मला विचारलं, गाणं पाठवायचं कसं ते दाखवा.

आता पुढचं विचारतो. एकाच दिवशी दोघांनी ऐकायचं, हे लेकीलाही फार आवडलंय. तेव्हा येत्या शुक्रवारांपैकी कुठल्या अल्बमकडे तुम्ही स्वतः डोळे लावून बसला आहात?