वॉचमनच्या केबिनमधल्या डॉग फूडच्या बॅगा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. वॉचमनच्या केबिनमध्ये डॉग फूड, कॅट फूडच्या मोठ्या बॅगा दोन-दोन दिवस पडून असतात. काल एक उंदरांनी कुरतडली. ज्यांच्या आहेत त्यांनी आज रात्रीपर्यंत घेऊन जाव्यात ही विनंती.

ए-२०१: अगदी बरोबर. आमच्या वाड्यात कुत्रा होता, भाकरी-दूध आणि उरलंसुरलं खाऊन म्हातारा होऊन गेला. हे विकतचं खाणं कशाला लागतं, खरंच समजत नाही.

बी-१००४: काका, आमच्याकडे उरतच नाही काही. मावशी सकाळी मोजून पोळ्या करतात, आम्ही दोघंही हिंजवडीला, यायला रात्रीचे नऊ 🙏

सी-७०३: काका, बी-१००४ म्हणतात तेच खरं कारण आहे. वाड्यात दोन्ही वेळा चूल पेटायची, दहा माणसं जेवायची, घरात कायम कोणीतरी असायचं. कुत्राही दिवसभर मोकळा, चार दारी काहीबाही खाऊन यायचा. भाकरी-दूध हे त्याचं एकुलतं एक अन्न नव्हतंच. आता तो टू बीएचकेत बंद असतो, आपण वाडग्यात घालू तेवढंच त्याच्या पोटात जातं. त्यात काही कमी पडलं तर ते बाहेरून भरून निघत नाही. म्हणून पाकीट आलं. आपलं स्वयंपाकघर बदललं, त्याचं ताटही बदलणारच. शौक म्हणून कोणी आणत नाही हो. सरकार मात्र अजून शौकच समजतं. गुरांच्या पेंडीवर जीएसटी नाही, यावर १८ टक्के.

डी-५०५: ताई, आमच्याकडे अंडंही शिजत नाही. मुलीने मांजर आणलंय. दूध-पोळी चालेल का?

सी-७०३: नाही ताई, कृपा करून नुसत्या दूध-पोळीवर ठेवू नका. मांजराला मांसातले घटक लागतातच. त्यातला टॉरिन कमी पडला की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टॉरिनचा आणि हृदयाच्या या दुखण्याचा संबंध दाखवला. ती मांजरं पाकिटातलंच खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. कुत्र्याचं एक वेळ निभतं, नीट तयार केलेलं शाकाहारी खाणं त्याला चालतं, पेडिग्रीचंही तसं पाकीट मिळतं. मांजराचं तसं नाही. तुमच्या घरी तर पाकीटच सोयीचं, ओट्यावर काही शिजवायला नको.

फक्त पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ‘कम्प्लीट’ लिहिलं असेल तर ते पूर्ण जेवण. ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर नुसतं तोंडी लावणं. क्रीमच्या नळ्या आणि ग्रेव्हीचे बरेच पाउच या दुसऱ्या प्रकारातले असतात. दहा मिनिटांत दारात येतात आणि मांजर आवडीने चाटतं, म्हणून रोज तेच घातलं जातं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

बी-१००४: मावशींना जास्त पैसे देऊन चिकन-भात करून घेतला तर?

सी-७०३: जरूर, पण नुसता चिकन-भात अपुरा पडतो. बोनलेसमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं, वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. काय, किती घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मावशींना बजावून सांगा, कांदा-लसूण अजिबात नको. शिजवलेली हाडं नकोत. बेदाणे तर कुत्र्याला विषच.

ए-६०३: आमच्या लॅबला दोन्ही वेळेला वाटीभर देतो. बरोबर आहे ना दादा-ताई? सुटलाय जरा.

सी-७०३: वाटी कुठली, केवढी? किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. पाकिटावरचा तक्ता हा अंदाज असतो. नसबंदी झालेली असेल, फिरणं म्हणजे लिफ्टने खाली आणि पार्किंगला एक चक्कर, तर त्याहून कमी लागतं. बरगड्यांवरून हात फिरवा, न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत. आजींनी दिलेली पोळी, चहाबरोबरचं बिस्किट, सगळं त्याच हिशोबात धरा. वरचं खाणं दिवसाच्या एक दशांशाच्या आत.

आणि सेक्रेटरीसाहेब, तुमच्या मूळ मुद्द्यावर. ऑफर दिसली की लोक एका मांजरासाठी वीस किलोची बॅग मागवतात. उघडली की आतली चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते. महिन्याभरात संपेल तेवढीच घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सेक्रेटरी: धन्यवाद ताई. पंपरूमशेजारी पत्र्याचं कपाट ठेवतो, पार्सल एक दिवस तिथे राहील. आणखी एक, कुत्र्याने न खाल्लेलं गेटसमोर ओतू नका. भटक्यांना खायला घालायची जागा सोसायटीने ठरवायची, असं २०२३ च्या एबीसी, म्हणजे भटक्या प्राण्यांच्या जन्म-नियंत्रणाच्या नियमांत आहे. रविवारच्या मीटिंगला जागा नक्की करू.

ए-२०१: मीटिंगला मी आहे. सी-७०३, नातीचं मांजर मे महिन्यात आमच्याकडे राहणार आहे. कुठलं पाकीट आणायचं ते लिहून ठेवा बेटा.

सी-७०३: काका, आत्ता जे खातंय तेच आणा. एकदम बदललं तर पोट बिघडतं. पाकिटाचा फोटो मागवून घ्या आणि मला पाठवा.