मदत हवी आहे: बोअरमधलं डिझेल उपसायला कोणता पंप घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं मेंटेनन्स बघतो. आमची जमिनीखालची जुनी डिझेल टाकी गळत होती. ती काढली, पण डिझेल भूजलापर्यंत पोचलंय. ४ इंची बोअरमध्ये पारदर्शक बेलर (नमुना काढायची दोरीला बांधलेली नळी) सोडला की पाण्यावर चार बोटं पिवळसर थर दिसतो.

साधा सबमर्सिबल लावून पाहिला. इंपेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या चक्रात) तेल-पाणी घुसळून ताकासारखं पांढरं होतं, मग सेपरेटरमध्ये ते वेगळंच होत नाही. शिवाय खाली काळा पाषाण, पाणी फटींतून येईल तेवढंच; दहा मिनिटांत बोअर कोरडा आणि मोटर गरम.

हवेवर चालणारे पंप असतात म्हणे: आत तरंगा, पंप भरला की कॉम्प्रेसरची हवा पाणी वर ढकलते, कोरडा राहिला तरी जळत नाही. कोणी वापरलाय का? नुसता वरचा थर घेणारा स्किमर बरा, की तेल-पाणी दोन्ही उचलणारा? पावसाळ्यात पातळी वर चढते, मे महिन्यात पार तळाला जाते. तेव्हा पंपाचं तोंड कुठे ठेवता?

कुंपणापलीकडे कपाशीचं शेत आहे, तिथल्या विहिरीवर म्हशी पाणी पितात. त्या पाण्याला अजून वास नाही. डिझेल तिथवर जायच्या आत हे आवरायचंय, म्हणून घाई आहे.